पाणी घातलं नाही तरी आलेख सरळच कसा?

हलशी_विज्ञान (प्रश्न)

नमस्कार. खानापूर तालुक्यातल्या मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये संहती (द्रावणात पदार्थ किती दाट आहे) आणि अभिक्रियेचा वेग दाखवायला सोडियम थायोसल्फेट आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचा फुलीचा प्रयोग लावला. कागदावर पेनाने फुली, तिच्यावर १०० मि.ली.चा बीकर. वरून बघायचं आणि गंधकाने पाणी गढूळ होऊन फुली दिसेनाशी झाली की घड्याळ थांबवायचं. थायोसल्फेट ०.१५ मोलर (मोलर म्हणजे लिटरमागे किती मोल), आम्ल २ मोलर, आम्ल दरवेळी ५ मि.ली., खोलीचं तापमान २४ अंश.

गट अ ने थायोसल्फेट जेवढं कमी केलं तेवढं पाणी घातलं, म्हणजे दोन्ही मिळून कायम ५० मि.ली. गट ब पाणी घालायचं विसरला. त्यांनी नुसतं थायोसल्फेट मोजलं आणि वर आम्ल ओतलं. वेळ सेकंदांत:

थायोसल्फेट ५० मि.ली. : अ ३१, ब ३१
४० मि.ली. : अ ३९, ब ३९
३० मि.ली. : अ ५२, ब ५०
२० मि.ली. : अ ८०, ब ७७
१० मि.ली. : अ १७८, ब १६०

१ भागिले वेळ असा आलेख काढला तर दोघांच्याही रेषा जवळजवळ एकच. ब गटाची मुलं म्हणतात, "आमचं पण बरोबर आलंय की, मग पाणी कशाला?" ब गटाची संहती तर फारशी बदललेलीच नाही, मग वेळ पाचपट कशी झाली?

अजून दोन शंका. १० मि.ली.चा बिंदू दोन्ही गटांत रेषेच्या थोडा खालीच बसतो. आणि ५० मि.ली.च्या रीडिंगला आम्ल २ मोलरऐवजी १ मोलर घेतलं तर ३१ चे फक्त ३३ सेकंद झाले. आम्लाची संहती निम्मी केली की वेग निम्मा व्हायला नको का?

---

संकेश्वर_बीएस्सी

मॅडम, टक्कर सिद्धांताने सरळ उत्तर येतं. थायोसल्फेट कमी घेतलं की कण कमी, टक्करी कमी, वेग कमी. ब गटानेही कण कमीच घेतलेत. पाणी घाला अगर नको, फरक पडायचा नाही.

---

मार्कंडेय_काठ

संकेश्वरच्या सरांनी कणांची संख्या आणि संहती यांची गल्लत केली आहे. शंभर माणसं रविवार पेठेतल्या एखाद्या बोळात शिरली तर पावलोपावली धक्के लागतात. त्यांतली ऐंशी घरी गेली आणि बोळही तेवढाच आखूड केला, तर उरलेल्या वीसजणांना धक्के तितकेच. ब गटाने नेमकं हेच केलं: माणसंही कमी केली आणि बोळही.

आकडे बघा. ब गटाच्या बीकरात ५० अधिक ५ म्हणजे एकूण ५५ मि.ली., त्यात थायोसल्फेटची संहती मूळच्या ५५ पैकी ५० भाग, म्हणजे ०.१३६ मोलर. १० अधिक ५ केलं तर १५ पैकी १० भाग, म्हणजे ०.१ मोलर. फरक दीडपटही नाही. अ गटात तीच संहती ०.१३६ वरून ०.०२७ पर्यंत उतरते, बरोबर पाचपट. तेव्हा ब गटाची वेळ ३१ वरून फार तर ४२-४५ ला जायला हवी होती. ती १६० झाली, याचा अर्थ वेळ वाढवणारं दुसरंच काहीतरी आहे.

ते दुसरं म्हणजे द्रवाची उंची. वरून बघताना फुली झाकली जाते ती नजरेच्या रेषेत आलेल्या सगळ्या गंधकाने. गढूळपणा संहतीवर ठरतो आणि उंचीवरही. १०० मि.ली.चा बीकर साधारण ५ सें.मी. रुंद असतो. त्यात ५५ मि.ली. म्हणजे पावणेतीन सें.मी. उंच थर, आणि १५ मि.ली. म्हणजे पाऊण सें.मी. पाऊण सें.मी.च्या थराला तीच फुली झाकायची तर त्यात गंधक जवळजवळ चौपट दाट व्हावं लागतं. तेवढा जास्त वेळ लागणारच.

आता रेषा जुळली कशी, ते. वेळ ही संहती गुणिले उंची याच्या व्यस्त प्रमाणात आहे. सरळ भिंतीच्या बीकरात उंची आकारमानाच्या प्रमाणात असते, आणि संहती गुणिले आकारमान म्हणजे थायोसल्फेटचे मोल, म्हणजे त्याचं एकूण प्रमाण. मोल तर दोन्ही गटांनी सारखेच घेतले होते! अ गटात उंची तीच राहिली आणि संहती पाचपट उतरली. ब गटात संहती दीडपटीच्या आत राहिली आणि उंची पावणेचारपट घसरली. गुणाकार दोन्हीकडे सारखाच येतो. ब गटाने अभिक्रियेच्या वेगापेक्षा बीकरातला थरच जास्त मोजला, एवढंच.

शंकूपात्रात केला असता तर ब गटाची रेषा वाकली असती, कारण तळ रुंद आणि वर निमुळतं, त्यामुळे उंची आकारमानाच्या प्रमाणात वाढत नाही. बीकरच्या सरळ भिंतींनी तुम्हाला फसवलं.

वर्गात दोन मिनिटांत दाखवायचं असेल तर एकाच आकाराचे दोन बीकर घ्या. एकात ५० मि.ली. थायोसल्फेट आणि ५ मि.ली. आम्ल, दुसऱ्यात २५ आणि २.५. संहती दोन्हीकडे तंतोतंत सारखी. वरून बघितलं तर पहिला ३१ सेकंदांत झाकेल, दुसरा ६० च्या पुढे. वेग तोच आणि वेळ दुप्पट. पाणी कशाला, याचं उत्तर मुलंच देतील.

---

हलशी_विज्ञान

आत्ता कळालं. पण मग ब गटाच्या बीकरात संहती खरंच जवळपास तीच होती, हे वेगळं दाखवता येईल का? नुसतं गणित मांडलं तर मुलांना पटायचं नाही.

---

मार्कंडेय_काठ

येईल की. वरून बघायचं सोडा, बाजूने बघा. मग नजरेच्या रेषेत नळीची जाडी येते आणि ती प्रत्येक रीडिंगला तीच राहते.

मोठी परीक्षानळी घ्या, २५ मि.मी. व्यासाची आणि १५० मि.मी. उंचीची, जी उकळायला वापरतात. सगळी प्रमाणं निम्मी करा: थायोसल्फेट २५, २०, १५, १०, ५ मि.ली. आणि आम्ल २.५ मि.ली. फुली अर्ध्या सें.मी.ची काढा, जाड कार्डावर, आणि नळीच्या मागे तळापासून एक सें.मी. वर चिकटवा. सगळ्यात कमी द्रव ७.५ मि.ली. आहे, तो नळीत दोन सें.मी.च्या आसपास चढतो, म्हणजे फुली प्रत्येकवेळी द्रवाच्या मागेच राहते. आम्ल ओतताच तोंडाला रबरी बूच लावून एकदा उलटी करून सरळ करा आणि बूच लगेच काढा. नळीत काडीने ढवळलं तर वरचा भाग तसाच राहतो आणि फुली वर-खाली वेगवेगळ्या वेळी जाते. उजेड नळीच्या मागून नको. खिडकीकडे पाठ करून उभे राहा, नाहीतर गढूळ द्रवच चमकतो आणि फुली लवकर गेल्यासारखी वाटते.

---

निपाणी_लॅब

वरच्या सरांनी मुख्य गाठ सोडवली आहे. मी उरलेल्या दोन शंकांवर लिहितो.

१० मि.ली.चा बिंदू. फुली झाकायला दरवेळी गंधक तेवढंच लागतं, पण ते कशातून काढायचं? समजा ५० मि.ली.च्या रीडिंगला फुली जाईपर्यंत ४ टक्के थायोसल्फेट संपतं. मग १० मि.ली.च्या रीडिंगला तेवढंच गंधक तयार व्हायला २० टक्के संपावं लागेल. म्हणजे घड्याळ चालू असतानाच संहती पाचव्या हिश्शाने उतरली, आणि तुम्ही धरलाय सुरुवातीचा वेग. प्रथम कोटीचा, म्हणजे वेग संहतीच्या प्रमाणात धरून, हिशेब लावला तर ४० ला ३९, ३० ला ५२, २० ला ८० आणि १० ला १६९ सेकंद येतात. नुसत्या पाचपटीने १५५ आले असते. तुमचे पहिले आकडे बरोबर जुळतात, शेवटचा १७८ थोडा जास्त आहे.

ते उरलेले नऊ सेकंद कुठून आले? संहती कमी असताना गंधक पाण्यात विरघळल्यासारखं काही काळ साठत राहतं, मग त्याचे कण बनायला लागतात. ही सुरुवातीची शांतता कमी संहतीला लांबते. शिवाय फुली हळूहळू पुसट होत असेल तर डोळ्याला ती असल्याचा भास होत राहतो. कुठे आहे ते माहीत असतं ना. त्यासाठी रीडिंग घेणारा आणि फुली बघणारा वेगळा ठेवा, आणि सगळी रीडिंग एकाच मुलाच्या डोळ्यांनी घ्या. आलेखात १० चा बिंदू ठेवाच, पण रेषा ओढताना त्याच्यामागे पळू नका.

आता आम्ल. वेगाचं समीकरण रासायनिक समीकरणातल्या सहगुणकांवरून लिहिता येत नाही, हीच या प्रयोगातली सगळ्यात मोलाची गोष्ट, आणि मुलांच्या बहुतेक प्रयोगवह्यांत ती सुटते. समीकरणात एका थायोसल्फेटला दोन आम्ल लागतात, पण आम्ल या पट्ट्यात वेगावर फारसा परिणाम करत नाही. त्याची कोटी शून्याच्या जवळ आहे, म्हणजे त्याची संहती बदलली तरी वेग जवळजवळ तोच. साधं कारण असं, की आम्ल पुरेसं असलं की थायोसल्फेटचे बरेचसे आयन आधीच हायड्रोजन आयन घेऊन तयार बसलेले असतात. जास्तीच्या आम्लाला करायला फार काही उरत नाही. आम्ल अगदी पातळ केलं तर मात्र वेळ नक्की लांबते.

आणि याचा पुरावा तुमच्या ब गटाकडेच आहे! त्यांच्या ५५ मि.ली.त आम्लाची संहती ०.१८ मोलर होती, १५ मि.ली.त ०.६७, म्हणजे पावणेचारपट. आम्लाची कोटी एक असती तर त्यांचं शेवटचं रीडिंग ४५ सेकंदांच्या आसपास आलं असतं. ते १६० आलं, अ गटापेक्षा जेमतेम १८ सेकंद कमी. आम्ल थोडी मदत करतं, पण थोडीच. चुकीच्या प्रयोगातून एवढी माहिती निघते. ब गटाची वही फाडू नका.

---

संकेश्वर_बीएस्सी

मान्य. मी घाईत लिहिलं. पण मग एक विचारतो, डिसेंबरात सकाळी पहिल्या तासाला आणि दुपारी जेवणानंतर केलेल्या रीडिंगमध्ये जो फरक येतो तो कशातला? आमच्याकडे सकाळी २५ टक्क्यांपर्यंत जास्त वेळ लागते.

---

निपाणी_लॅब

तापमान, दुसरं काही नाही. १० अंशाला वेग साधारण दुप्पट, तेव्हा ३ अंशाला सव्वापटीच्या जवळपास. बेळगाव पठारावर हिवाळ्यात सकाळ-दुपारचा फरक तीन अंशांहून जास्तच असतो. त्यात ५० मि.ली. सकाळी आणि १० मि.ली. दुपारी असं केलं तर तापमान आणि संहती एकमेकांत मिसळतात आणि आलेखावरून काही सांगता येत नाही. थायोसल्फेटची बाटली, आम्लाची बाटली आणि पाण्याची बाटली आदल्या रात्रीपासून एकाच टबातल्या पाण्यात ठेवा. टबात थर्मामीटर सोडा. पाण्याची बाटली विसरतात लोक, आणि १० मि.ली.च्या रीडिंगला ४० मि.ली. तर पाणीच असतं! नळाचं थंड पाणी घातलं की शेवटचा बिंदू अजून खाली.

---

हलशी_विज्ञान

बाजूने बघून आज दोन्ही पद्धतींनी केलं, निम्म्या प्रमाणात. तिन्ही बाटल्या एकाच टबात, २४ अंश. सेकंदांत:

२५ मि.ली. : पाण्यासह ३९, पाण्याविना ३९
२० मि.ली. : ४९ आणि ४०
१५ मि.ली. : ६६ आणि ४१
१० मि.ली. : १०२ आणि ४३
५ मि.ली. : २२४ आणि ५०

ब गटाची रेषा आडवी पडली. मुलं बघतच राहिली. उंचीच्या दोन बीकरांचा प्रयोगही केला, ३१ आणि ६२ आले.

अजून एक विचारते. पुढच्या आठवड्यात सहा गट एकदम बसवायचे आहेत. द्रावण किती करू, आणि वास फार येतो, त्याचं काय?

---

मार्कंडेय_काठ

हे आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा, दुसरं काही सांगायची गरज नाही. पाण्याविना शेवटचा ५० हा गणितातल्या ५३-५४ पेक्षा थोडा कमी आलाय, तो निपाणीच्या सरांनी सांगितलेला आम्लाचा थोडा हात.

द्रावण. पूर्ण प्रमाणात एका गटाच्या पाच रीडिंगला १५० मि.ली. थायोसल्फेट जातं, म्हणून सहा गटांना एक लिटर करा. स्फटिकी थायोसल्फेट, ज्यात पाण्याचे पाच रेणू असतात, ते ३७.२ ग्रॅम लिटरला. मासे पाळणाऱ्यांच्या दुकानात आणि पूर्वी फोटो स्टुडिओत मिळणारं हायपो म्हणजे हेच. दुकानातून निर्जल थायोसल्फेट आलं असेल तर २३.७ ग्रॅमच घ्या. डब्यावर "निर्जल" लिहिलंय का ते बघितल्याशिवाय वजन करू नका. निर्जलचे ३७ ग्रॅम घातले तर ०.२३५ मोलर होतं, सगळ्या वेळा दोन तृतीयांशाच्या आत येतात आणि पहिलं रीडिंग हातातून निसटतं.

पाणी उकळून थंड केलेलं घ्या. उघड्या पाण्यातल्या कार्बन डायऑक्साइडने आणि जिवाणूंनी थायोसल्फेट हळूहळू फुटतं आणि बाटलीतच धूसर होतं. अशी धूसर बाटली वापरली तर गंधकाच्या काही कणांची आघाडी आधीच मिळालेली असते. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनची भीती वाटते लोकांना, पण ते लिटरमध्ये मिलिग्रॅमनी असतं. ०.१५ मोलरपुढे काहीच नाही.

आम्ल सहा गटांना, पाच रीडिंगना, १५० मि.ली. लागेल. २५० करा. ३५ टक्क्यांचं बाटलीतलं आम्ल ११.३ मोलरच्या आसपास असतं, त्यातलं ४४ मि.ली. दोनशे मि.ली. पाण्यात हळूहळू सोडा आणि मग २५० ची खूण गाठा. आम्ल पाण्यात, पाणी आम्लात नाही. संडास साफ करायचं किराणा दुकानातलं आम्ल चालणार नाही. त्यात रंग आणि फेसाळ पदार्थ असतात, आणि रंगाने फुली आधीच पुसट होते.

वास सल्फर डायऑक्साइडचा. ५ मि.ली. २ मोलर आम्लातून, अभिक्रिया शेवटपर्यंत चालली तर, १२० मि.ली.पर्यंत वायू सुटू शकतो. सहा गट गुणिले पाच रीडिंग, बंद खोलीत, हे फारच झालं. पण बीकर फुली गेल्यावर लगेच ओतलात तर त्यातला थोडाच बाहेर येतो. प्रत्येक बाकाजवळ बादली ठेवा: दोन लिटर पाणी, ५० ग्रॅम धुण्याचा सोडा. फुली गेली की बीकर तिच्यात रिकामा करायचा, तोंड बाजूला धरून, कारण सोड्याने फेस येतो. एवढा सोडा २० रीडिंगना पुरतो. दमा असलेल्या मुलाला खिडकीजवळ घड्याळ धरायला द्या, बीकरवर वाकू देऊ नका. खिडक्या दोन्ही बाजूंच्या उघड्या.

बीकर लगेच धुवा. गंधकाचा पातळ थर काचेवर बसला की तो पुसला जात नाही, ब्रशने घासावा लागतो, आणि न घासता पुढचं रीडिंग घेतलं तर फुली आधीच अर्धी झाकलेली. दुसऱ्या गटाचं ५० मि.ली. २५ सेकंदांत आलं तर पहिला संशय तिथे घ्यायचा.

---

हुक्केरी_ऊस

थोडं बाजूचं, पण इथं सगळे ऊसवाले आहेत म्हणून. आम्लाची संहती वेगाला लागत नाही असं मुलांनी डोक्यात घट्ट धरलं तर पुढे गोंधळ होईल, कारण उसाच्या साखरेत बरोबर उलटं होतं. आम्लात साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतात, आणि तिथे आम्लाची संहती दुप्पट तर वेग जवळजवळ दुप्पट. आम्ल स्वतः संपत नाही, उत्प्रेरक म्हणून काम करतं. पाणी एवढं जास्त असतं की त्याची संहती बदलत नाही, म्हणून वेग साखरेच्या संहतीच्या प्रमाणात उतरतो. १८५० साली विल्हेल्मी नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने हीच अभिक्रिया ध्रुवित (एकाच प्रतलात कंपणाऱ्या) प्रकाशाचं प्रतल किती फिरतं ते मोजून बघितली. वेगाचं समीकरण बसवून दाखवलेली ही पहिली अभिक्रिया समजतात.

गुऱ्हाळात रसाला चुन्याची निवळी घालतात त्याचं एक कारण हेच. सामू (pH) एक अंकाने उतरला तर हायड्रोजन आयन दहापट, आणि कढईत साखर फुटायचा वेग त्याच हिशेबात वाढतो. मग गूळ पाघळतो, भेली बसत नाही. तोडलेला ऊस दोन दिवस पडून राहिला की आंबून रसाचा सामू खाली जातो, आणि त्यात कढईची उष्णता.

---

हलशी_विज्ञान

हे उद्याच वर्गात सांगते, निम्म्या मुलांच्या घरी ऊसच आहे. सगळ्यांचे आभार. ब गटाची वही ठेवून घेतली आहे.

---

निपाणी_लॅब

एक राहिलं. २.५ मि.ली. आम्ल मोजायला मोजपात्र नको, ५ मि.ली.ची सुई काढलेली सिरिंज वापरा. मोजपात्रात एवढ्याशा मापाला अर्धा मि.ली. इकडे-तिकडे होतो. आणि सिरिंजने एका दमात सोडता येतं, म्हणजे घड्याळ कधी सुरू करायचं याचा वाद राहत नाही. आम्ल पूर्ण गेलं की सुरू.